कराटेसाठी अंग कसं कमवावं: जुनी साधनं, नवा व्यायाम

जपानच्या ओकिनावा बेटावरचे जुने कराटेगुरू दगड, लाकूड आणि मातीच्या माठांवर अंग कमवत. या पूरक व्यायामाला ‘होजो उंदो’ म्हणतात. गोजू-र्यू या कराटेशैलीचे संस्थापक चोजुन मियागी (१८८८–१९५३) यांनी त्यात हवाईत पाहिलेली वजनदार लोखंडी कडीही आणली. तेव्हा डोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, बारबेल आणला म्हणून परंपरा बाटत नाही.

१. सुरुवात चिइशीने करा. हा दगडात किंवा सिमेंटच्या गोळ्यात रोवलेला दांडा. दोन-तीन किलोचा पुरे. दांड्याचं टोक धरून वजन डोक्यामागून सावकाश फिरवा, प्रत्येक हाताने दहा वेळा. खांदा कानाकडे चढू लागला, की वजन जास्त झालं असं समजा.

२. मग निगिरी-गामे, म्हणजे पकडीचे माठ. रिकाम्या माठांचे काठ फक्त बोटांनी पकडा, हात अंगापासून जरा दूर ठेवा आणि सांचिन या श्वासावर भर देणाऱ्या काताच्या (ठरलेल्या हालचालींच्या मालिकेच्या) अर्धगोल पावलांनी चाला. दर आठवड्याला मूठभर वाळू घाला. पकड लवकर वाढते, म्हणून घाई होते, ती टाळा.

३. मकिवारा या ठोसे मारायच्या फळीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. घट्टे पाडणं हा त्याचा हेतू नाही. ही फळी खाली जाड, वर पातळ असते, त्यामुळे ठोसा बसला की वाकते आणि उलट ढकलते. ते ढकलणं अंगात कुठे झिरपतं ते पाहा: मनगट दुमडलं, कोपर बाहेर गेलं की मागची टाच उचलली? तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बुंध्याच्या हाडांनीच मारा आणि लागल्यावर क्षणभर फळी दाबून धरा. सुरुवातीला प्रत्येक हाताचे दहा-पंधरा हलके ठोसे. कातडी सोलायच्या आत थांबा. वाढत्या वयाच्या मुलांना मकिवारा देऊच नका.

४. पायांची ताकद मात्र या साधनांतून पुरेशी येत नाही. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि रोइंग करा, पाच-पाचचे तीन सेट. दमासाठी कुमितेचाच (दोघांच्या लढतीचा) हिशेब धरा: मोठ्यांची लढत ३ मिनिटांची असते. म्हणून १० सेकंद पूर्ण जोर, २० सेकंद हलकी हालचाल, असं ३ मिनिटं. मग एक मिनिट विश्रांती. अशा तीन फेऱ्या.

५. काता आणि तंत्र नेहमी आधी, अंग ताजं असताना. डेडलिफ्ट आणि निगिरी-गामे एकाच दिवशी ठेवू नका, बोटं साथ देत नाहीत. रक्तदाब असेल तर सांचिनमध्ये श्वास कोंडून जोर लावू नका; आधी डॉक्टरांना विचारा.