सीपायथनच्या सोर्स कोडची शब्दसूची बनवताय? या चुका टाळा

पायथन रोज वापरणारा माणूससुद्धा सीपायथनचा, म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या मूळ पायथनचा, सी कोड पहिल्यांदा उघडला की अडखळतो. मग कुणी जाणता नवख्यांसाठी शब्दसूची करायला घेतो आणि आद्याक्षरं फोडत बसतो. जीआयएल म्हणजे ग्लोबल इंटरप्रिटर लॉक. बरं, पुढे? पूर्ण रूप कुठेही सापडतं. नोंदीत हवं ते हे: नेहमीच्या बिल्डमध्ये लॉक ज्या थ्रेडकडे असेल तोच बाइटकोड (पायथन प्रोग्रॅमच्या रूपांतरित सूचना) चालवतो, आणि फाइल वाचण्यासारख्या ताटकळायला लावणाऱ्या कामाआधी ते सोडलं जातं.

याहून महागात पडते ती चूक म्हणजे साधे वाटणारे शब्द गाळणं. 'बॉरोड रेफरन्स', म्हणजे मालकी न घेता उसना मिळालेला संदर्भ, घ्या. पायलिस्ट_गेटआयटम यादीतली वस्तू देतं, पण तिचा रेफरन्स काउंट (तिच्याकडे किती संदर्भ आहेत याची मोजणी) वाढवत नाही. नवखा सवयीने पाय_डेकरेफ (काउंट एकाने कमी करणं) करून मोकळा होतो. काउंट एकाने कमी पडतो, वस्तू वेळेआधीच मोकळी होऊ शकते आणि क्रॅश होतो भलत्याच फाइलमध्ये. 'स्टील'चं, म्हणजे रेफरन्स हिरावून घेण्याचं, उलटं: पायलिस्ट_सेटआयटमला वस्तू दिली की तुमचा रेफरन्स यादीचा झाला, आता डेकरेफ करायचं नाही. पायडिक्ट_सेटआयटम मात्र स्वतःचा वेगळा रेफरन्स घेतं, तुमचा तुम्हीच सोडायचा. विसरलात की मेमरी गळते. नावं सारखी, हिशेब वेगळा! म्हणून या नोंदीत ही दोन्ही सेटआयटम फंक्शन्स शेजारी ठेवा आणि डेकरेफ कुणी करायचं ते सरळ लिहा. नुसती व्याख्या इथे कुचकामी आहे.

नावांमागचा इतिहासही एका ओळीत द्या. पायथन 2 मध्ये इंट आणि लाँग वेगळे होते. 2008 साली आलेल्या 3.0 मध्ये लाँगच इंट या नावाने उरला, पण सी कोडमध्ये नाव पायलाँगच राहिलं. तसंच एसटीआर आत पाययुनिकोड आहे. हे न सांगितल्यास नवखा 'पायइंट' शोधत बसतो.

आवृत्ती न लिहिलेली नोंद काही काळाने खोटी ठरते. 'प्रत्येक नव्या रेफरन्सने काउंट वाढतो' हे 3.11 पर्यंत ठीक होतं. 3.12 पासून नन, ट्रू, फॉल्स इमॉर्टल (कधीच मोकळे न होणारे) झाले, त्यांचा काउंट असा हलत नाही. शंका असेल तर सिस.गेटरेफकाउंटला नन देऊन पाहा: 64 बिटच्या 3.12 वर 4294967295 दिसतं.

ओळ क्रमांक तर देऊच नका, फंक्शनचं नाव द्या. फाइलचा पत्ताही अधूनमधून तपासा. ऑपकोडांचा (बाइटकोडमधल्या एकेका सूचनेचा) कोड पूर्वी सीइव्हॅल.सी मध्ये हाताने लिहिलेला असे, 3.12 पासून तो बाइटकोड्स.सी मध्ये आहे आणि त्यावरून जनरेटेड_केसेस.सी.एच तयार होते. तयार झालेल्या फाइलमध्ये बदल केला तर पुढच्या रीजन-केसेसला (ती फाइल पुन्हा तयार करणाऱ्या आज्ञेला) तो पुसला जाईल, हे त्याच नोंदीत ठळक लिहा.