विदर्भातील रुग्णालय: ऊन भिंतीबाहेरच अडवण्यासाठी काय करावे

नागपूर परिसरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. तेथे रुग्णालय बांधताना एसी किती टनांचा घ्यावा हे सर्वांत शेवटी ठरवावे. त्याआधी गच्ची, दिशा, छज्जे आणि भिंती यांचा निर्णय व्हायला हवा.

वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातला रुग्ण तापलेल्या स्लॅबखालून उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही, म्हणून पहिला खर्च गच्चीवर करावा. उतार आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर स्लॅबच्या वर 100 मिमी जाडीचे एक्सपीएस फोमचे (उष्णता अडवणाऱ्या, पाणी न शोषणाऱ्या कडक प्लास्टिक फोमचे) बोर्ड अंथरावेत आणि त्यावर कोबा करून पांढऱ्या चिनीमातीच्या टाइल्सचे तुकडे बसवावेत. हाच फोम खालून छताला लावला तर स्लॅब उन्हात तापतच राहतो, शिवाय स्लॅबच्या वजनामुळे खोलीचे तापमान स्थिर राहण्याचा जो फायदा मिळतो, तोही हातचा जातो.

इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून वॉर्डांच्या खिडक्या उत्तर व दक्षिणेला घ्याव्यात. दक्षिणेचा छज्जा मात्र अंदाजाने काढू नये. नागपूरचा अक्षांश सुमारे 21 अंश असल्याने मार्चच्या विषुवदिनी (दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी) दुपारचा सूर्य क्षितिजापासून 69 अंशांवर असतो. त्या हिशेबाने 1.2 मीटर उंच खिडकीला लगत वर सुमारे 47 सेंमीचा छज्जा पूर्ण सावली देतो, आणि डिसेंबरात सूर्य 45 अंशांपर्यंत उतरला की हवेसे ऊन आपोआप आत येते. पश्चिमेचे तिरपे ऊन छज्ज्याने अडत नाही, म्हणून त्या बाजूला जिने, लिफ्ट आणि भांडार ठेवावे. खिडकी टाळताच येत नसेल, तर बाहेरून उभ्या पट्ट्या लावाव्यात.

भिंतींसाठी 230 मिमी विटांपेक्षा 200 मिमी एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचे ठोकळे) बरे, कारण त्यांतून निम्म्याहून कमी उष्णता आत येते.

हवेचा विचार वेगळा करावा लागतो. शस्त्रक्रियागृह व आयसीयूला गाळलेली, नियंत्रित हवाच हवी, तेथे उघड्या खिडकीवर विसंबू नये. साध्या वॉर्डासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेत, वायुवीजन नैसर्गिक असेल तर, दर रुग्णामागे सेकंदाला सरासरी 60 लिटर हवा सांगितली आहे. त्यामुळे समोरासमोरच्या भिंतींत जाळी लावलेल्या खिडक्या ठेवून, उन्हाळ्यात त्या रात्री पूर्ण उघडाव्यात आणि दुपारी गरजेपुरत्याच. ओपीडीच्या प्रतीक्षागृहात वाळ्याचा कूलर चालतो, पण त्याचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी कोरडी करावी, नाहीतर तेथेच डासांची पैदास होते.