नारळ शुक्रवारीच खवून ठेवा

ठाण्याहून किंवा अलिबागकडून आपलं एखादं बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब इथे इस्रायलमध्ये लोदला राहायला आलं की पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात एकदा जाऊन येतेच. ओट्यावर विळी असते, खलबत्ता असतो. शब्बाथचं, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या आपल्या विश्रांतीच्या दिवसाचं, विचारलं की म्हणतात, "आम्ही शनिवारी चूल पेटवत नाही, मावशी." तेवढ्याने भागत नाही. शब्बाथला मना असलेल्या ३९ कामांत दळणंही आहे; हिब्रूत त्याला तोखेन म्हणतात. कोकणात आपल्या वाडवडिलांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. मग आपला खलबत्ता तरी का वाजावा?

जमिनीतून उगवलेलं काहीही बारीक करणं म्हणजे दळणं. नारळ खवणं, लसूण-मिरची ठेचणं, दाण्याचं कूट करणं, गाजर किसणं, सगळं यात आलं. हे शुक्रवारी सकाळीच उरका. डिसेंबरात इथे पाचच्या आत सूर्य मावळतो आणि दुकानं दुपारीच बंद होतात, म्हणून नारळ गुरुवारीच आणा. शनिवारी रात्री मलिदा, म्हणजे आपला गोड पोह्यांचा नैवेद्य, करायचा असेल तर नारळ आकाशात तारे दिसल्यावर खवा. रात्रीची तयारी शब्बाथ चालू असताना करायची नसते. इथे आपल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं राहूनही यात चुकतात.

इथल्या लोकांना सॅलड अगदी बारीक चिरायची हौस. शब्बाथला मात्र फोडी मोठ्या ठेवा आणि जेवायला बसतानाच चिरा. पाव कुस्करलेला चालतो, कारण त्याचं पीठ आधीच दळलेलं असतं. मांस, अंडं सुरीने चिरा, किसणी नको. बाळाचं केळं आमच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, चमच्याच्या दांड्याने, लगेच भरवण्यापुरतं कुस्करायला सांगितलं होतं. तुम्ही तुमच्या रब्बींना विचारा.

शेजारीण दार वाजवून तोंडावर सांगेल की हे चालत नाही. वाईट वाटून घेऊ नका. इथे मनात ठेवत नाहीत, आणि पुढच्या शुक्रवारी तीच सूपचं पातेलं घेऊन येते.

आता गोळ्यांचं. हे नीट ऐका.

पूर्वी औषध म्हणजे पाला-मुळ्या कुटणं. किरकोळ दुखण्याला औषध घ्यायची सवलत दिली तर माणूस शब्बाथलाच कुटायला बसेल, म्हणून जुन्या रब्बींनी ते मना केलं. किरकोळ दुखण्याला, हे शब्द लक्षात ठेवा. माझ्या सासूबाईंना गिळायला त्रास होई, हृदयाची गोळी कुटून पाण्यातून द्यावी लागे. आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी गोळी कुटून ठेवायला विसरले. शनिवारी सकाळी गोळी हातात घेऊन बसले आणि कुटली नाही, संध्याकाळी देऊ म्हटलं. दुपारी त्यांना धाप लागली. फोन करावा की नाही यातही अर्धा तास गेला. अकरा दिवस त्या रुग्णालयात होत्या, आणि त्यानंतर स्वतःच्या पायांनी जिना कधी उतरल्या नाहीत.

रब्बी भेटायला आले तेव्हा म्हणाले, जिवाला धोका असेल तिथे शब्बाथ मोडणं हीच आज्ञा आहे, कोणाला विचारत बसायचं नाही. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. इथे येऊन वर्षभरात शेजाऱ्यांपेक्षा कडक झालेले आपलेच काही लोक आहेत, ते नवीन माणसाला फक्त मनाई सांगतात. माझ्या मनात ती भीती त्यांनीच घातली होती. त्यांचं ऐकून कोणाचं औषध थांबवू नका.

घरात म्हातारं माणूस असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: कोणती गोळी एक दिवसही चुकवून चालणार नाही, आणि कोणती कुटलेली चालते. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर अपाय होतो. उत्तरं मराठीत लिहून फ्रीजवर लावा. त्याच कागदावर अॅम्ब्युलन्सचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा, १०१. शब्बाथलाही फोन उचलून तो लावायचा.