मराठीत विचार, इंग्रजीत प्रबंध: चुका नेमक्या कुठे होतात आणि कशा काढायच्या

एमएस्सीचा प्रोजेक्ट असो, आरोग्य विज्ञान विद्यापीठात सादर करायचा सिनॉप्सिस (संशोधनाआधी द्यायचा आराखडा) असो की पीएचडीचा प्रबंध, मराठी माणसाचं इंग्रजी अडखळतं ते ठरावीक जागीच. त्यामुळे व्याकरणाचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून घोकत बसण्याची गरज नाही. या जागा ओळखायच्या आणि प्रत्येक जागेसाठी मसुदा वेगळा वाचायचा. एकाच वाचनात सगळं धरायला गेलं की निम्मं सुटतं.

आधी लिहिण्याची पद्धत. मुद्दे मराठीत काढायला काहीच हरकत नाही, उलट विचार स्वच्छ होतो. पण मुद्दा चार-पाच शब्दांचाच ठेवा: ‘फवारणी उशिरा, रोग जास्त’ एवढंच. पूर्ण मराठी वाक्य लिहून त्याचं भाषांतर करायला बसलात की मराठीची रचना इंग्रजीत उतरते. आपल्याकडे ‘करून’, ‘असल्यामुळे’, ‘ज्यामुळे’ लावत वाक्य कितीही लांबवता येतं, कारण शेवटचं क्रियापद सगळं सांभाळून घेतं. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद सुरुवातीलाच लागतात, आणि ते एकमेकांपासून लांब गेले की वाचणारा हरवतो.

निफाडच्या द्राक्षांवरच्या प्रोजेक्टात हमखास सापडेल असं एक वाक्य घ्या:

‘सिन्स लास्ट मेनी इयर्स ग्रेप्स आर कल्टिव्हेटेड इन निफाड तालुका अँड फार्मर्स आर फेसिंग प्रॉब्लेम ऑफ डाउनी मिल्ड्यू ड्यू टू विच यील्ड इज रिड्यूस्ड.’

यात चार दोष आहेत. ‘सिन्स’नंतर निश्चित क्षण लागतो, म्हणजे ‘सिन्स २०१०’. कालावधी सांगायचा तर ‘फॉर’. ‘कित्येक वर्षांपासून घेतली जातात’ या मराठी वर्तमानकाळामुळे ‘आर कल्टिव्हेटेड’ येतं, तिथे ‘हॅव बीन’ हवं. ‘फेसिंग प्रॉब्लेम ऑफ’ हे पोकळ क्रियापद आहे. डाउनी मिल्ड्यू हा द्राक्षांवरचा रोग; नुकसान तो करतो, तर कर्ताही रोगच असू द्या. आणि ‘ड्यू टू विच’ म्हणजे नक्की कशामुळे, रोगामुळे की शेतकऱ्यांच्या अडचणीमुळे, ते कळत नाही. दुरुस्त रूप असं:

‘ग्रेप्स हॅव बीन ग्रोन इन निफाड तालुका फॉर डिकेड्स. डाउनी मिल्ड्यू, विच स्प्रेड्स इन वेट वेदर, रिड्यूसेस द यील्ड. धिस स्टडी कंपेअर्ड थ्री स्प्रे शेड्यूल्स आफ्टर द ऑक्टोबर प्रूनिंग.’

एकाची तीन वाक्यं झाली, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर तुम्ही काय केलंत हे तिसऱ्या वाक्यात उघड दिसलं. साधारण १५ ते २५ शब्दांचं वाक्य ठेवा. पस्तिशी ओलांडली की ‘अँड’ किंवा ‘विच’ जिथे असेल तिथे तोडून बघा. तोडताना मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडू नका. तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो.

‘जरी… तरी’ची सवय अशीच नडते. ‘ऑलदो रेनफॉल वॉज लो, बट द यील्ड इन्क्रीज्ड’ यात ‘ऑलदो’ किंवा ‘बट’, दोघांपैकी एकच राहील. ‘अ‍ॅज… देअरफोर’ या जोडीचंही तेच. आणि आपला ‘च’ दाखवायला वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ चिकटवू नका. ज्या शब्दावर जोर आहे त्याच्या आधी तो ठेवा: ‘ओन्ली इन द मॉर्निंग’.

आता ‘अ’ आणि ‘द’. मराठीत ही भानगडच नाही, म्हणून सगळ्यात जास्त लाल खुणा इथेच येतात. प्रत्येक नामाला तीन प्रश्न विचारा. मोजता येतं का? एकवचनी आहे का? कोणतं ते वाचणाऱ्याला आधीच माहीत आहे का? मोजता येणारं एकवचनी नाम उघडं राहत नाही: पहिल्यांदा आलं तर ‘अ सॅम्पल’, पुढे त्याच नमुन्याबद्दल ‘द सॅम्पल’. पाणी सर्वसाधारण असेल तर नुसतं ‘वॉटर’, पण ‘द वॉटर ऑफ द गोदावरी’, कारण ‘ऑफ’ने ते नेमकं केलं. नद्यांना ‘द’ लागतो, शहर-तालुक्यांना नाही. म्हणून ‘द गोदावरी फ्लोज थ्रू नाशिक’. ‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं: ‘अ युनिव्हर्सिटी’, पण ‘अ‍ॅन एमबीबीएस स्टुडंट’ आणि ‘अ‍ॅन एमआरआय स्कॅन’.

रिसर्च, इन्फर्मेशन, इक्विपमेंट, एव्हिडन्स, लिटरेचर, सॉफ्टवेअर या शब्दांना या अर्थाने ‘एस’ लावू नका. ‘मेनी रिसर्चेस’ऐवजी ‘मेनी स्टडीज’ लिहा, प्रश्नच मिटला. ‘वन ऑफ द’नंतर नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नाही, ‘इम्फसाइज’नंतर ‘ऑन’ नाही, ‘कंप्राइज’नंतर ‘ऑफ’ नाही.

काळाचं गणित सोपं आहे. तुम्ही जे केलं आणि जे सापडलं ते भूतकाळात: ‘सॅम्पल्स वेअर कलेक्टेड’. सर्वमान्य ज्ञान वर्तमानात. तक्ता किंवा आकृती काय दाखवते तेही वर्तमानात: ‘टेबल २ शोज’. खरी फजिती होते ती सिनॉप्सिसमुळे. सिनॉप्सिस भविष्यकाळात असतो, ‘पेशंट्स विल बी सिलेक्टेड’. दोन-अडीच वर्षांनी तोच मजकूर डिझर्टेशनच्या पद्धतीच्या प्रकरणात जसाच्या तसा चिकटवला जातो, आणि झालेल्या कामाबद्दल ‘विल बी’ तसंच राहतं. छापायला देण्याआधी फाइलमध्ये ‘विल’ शोधा. जो जो सापडेल तो तपासा.

आकड्यांकडे आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही. बाहेरच्या जर्नलला पाठवायचं असेल तर लाख-कोटी चालत नाहीत. २,५०,००० हा आकडा २५०,००० असा लिहावा लागतो. एकर-क्विंटलमधली नोंद हेक्टर-किलोत बदला: १ एकर म्हणजे सुमारे ०.४०५ हेक्टर, म्हणजेच एकरी १ क्विंटल हे हेक्टरी साधारण २४७ किलो. गुंठे असतील तर ४० गुंठ्यांचा १ एकर धरून आधी एकर काढा.

दाव्याची भाषा जपून वापरा. ‘प्रूव्ह्ज’ हा शब्द गणिताबाहेर जवळपास कधीच लागत नाही. ‘सजेस्ट्स’, ‘इंडिकेट्स’ पुरतात. ‘मे’ आणि ‘पॉसिबली’ एकाच वाक्यात नको, एक पुरे. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द संख्याशास्त्रीय चाचणी केली असेल तरच, आणि सोबत पी-मूल्य (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) द्या. नुसतं ‘बरंच’ म्हणायचं असेल तर ‘लार्ज’ किंवा ‘कन्सिडरेबल’. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर यातलं बरंच पकडत नाही, कारण वाक्य व्याकरणाने शुद्धच असतं. उलट ते कधीकधी तुमच्या शाखेतला रूढ शब्द बदलून ठेवतं. सुचवलेली दुरुस्ती डोळे झाकून स्वीकारू नका. शब्दप्रयोगाबद्दल शंका असेल तर तो अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधा; तुमच्या विषयातल्या लेखांत तो कसा आणि किती येतो ते मिनिटात कळतं.

चांगल्या लेखातली वाक्यं उचलण्याचा मोह होतो, विशेषतः स्वतःच्या इंग्रजीवर भरवसा नसला की. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचं दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रत सादर करता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. शब्द इकडचे तिकडे करून फरक पडत नाही, आणि इंग्रजी मात्र बिघडतं. परिच्छेद वाचा, बंद करा, मराठीत दोन ओळींची टीप काढा, आणि त्या टिपेवरून स्वतःचं इंग्रजी वाक्य लिहा. मूळ लेखाचा संदर्भ तिथेच, त्याच क्षणी नोंदवा. नंतर सापडत नाही.

मसुदा एक दिवस बाजूला ठेवून मग तपासा. पहिल्या वाचनात फक्त कर्ता आणि क्रियापदाखाली रेघ मारा. एकवचन-अनेकवचन आणि काळ तेवढेच बघा. दुसऱ्यात नामं आणि त्यांच्याआधीचे ‘अ’, ‘द’. तिसऱ्यात प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य सलग वाचा; त्यातून प्रकरणाचा धागा लागत नसेल तर परिच्छेदांची जागा बदला. शेवटचं वाचन मोठ्याने. जिथे श्वास पुरत नाही, तिथे वाक्य तोडायचं आहे.

गाइडला देताना प्रतीवर ओळींचे क्रमांक टाका आणि दोन ओळींत जागा सोडा. ‘इंग्रजी बघून द्या’ असं मोघम सांगू नका. ‘चर्चेच्या प्रकरणात दावा जास्त झालाय का तेवढं बघा’ असं नेमकं विचारलंत तर उत्तरही नेमकं मिळेल, आणि सरांनाही पन्नास पानं सोसावी लागणार नाहीत.