‘कॉम्प्युटरनं नाव काढलंय’ असं ठाण्यात सांगितलं, तर

सांगलीच्या जिल्हा न्यायालयात मी फौजदारी कामं चालवते. अलीकडे तासगाव-कवठेमहांकाळकडून आईबाप येतात ते एकच वाक्य घेऊन: “मॅडम, कॉम्प्युटरनंच पोराचं नाव काढलंय म्हणत्यात, आता काय बोलायचं?” बोलण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त ते कागदावर यायला हवं.

पोलिसांनी एआय कसं वापरावं, यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. राज्याने पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही एआयची यंत्रणा २०२४ मध्ये नागपुरात उभी केली, म्हणजे ही साधनं आता आपल्या जिल्ह्यातही नवलाची राहणार नाहीत. पण नाव मशीनने सुचवलं म्हणून अटक, जप्ती आणि पुराव्याचे नियम बदलत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम तिथेही लागू आहेत. ‘माझ्या परवानगीशिवाय माझा डेटा घेतला’ हा मुद्दा तरुण मुलं हमखास काढतात. त्यावर वेळ घालवू नका, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातच गुन्ह्याच्या तपासाला सूट आहे.

बोलावणं आलं की लेखी नोटीस मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी मेसेज आला म्हणून गप्पही बसू नका. ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि रीतसर नोटीस मिळाल्यावर ठरल्या वेळी हजर राहा. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा असेल तर तपास करणारा अधिकारी निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा हवा, हे कलम ७८ सांगतं. नोटिशीखालची सही आणि हुद्दा नीट वाचा.

फोन जप्त होत असेल तर त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं, यादी आणि पंचांच्या सह्यांसकट. पंचनाम्यात आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा नंबर लिहिलाय का, फोन सीलबंद केला का, हे बघा. पासवर्ड देण्याची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत, म्हणून तिथेच निर्णय न घेता वकिलाशी बोला.

आता खरा मुद्दा. चेहरा जुळवणारं सॉफ्टवेअर ‘हाच तो’ असं कधीच सांगत नाही. ते साम्याचा आकडा देतं आणि कितीला ‘जुळलं’ म्हणायचं ते माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात ८० टक्क्यांच्या वर साम्य असेल तर ते जुळलं असं धरतो, असं सांगितलं होतं. म्हणून विचारा: आकडा किती आला, मूळ फोटो कुठला, सॉफ्टवेअरने काढलेल्या यादीत आणखी कोणाचे चेहरे होते? असा निकाल तपासाला दिशा देईल, पण तो ओळख परेडची जागा घेऊ शकत नाही.

कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या एका मुलाचं प्रकरण माझ्याकडे आलं. बनावट खात्यावरचा फोटो त्याच्या चेहऱ्याशी जुळला होता, आणि चेहरा खरोखरच त्याचा होता. चुलतभावाच्या लग्नातला फोटो कोणीतरी उचलून त्या खात्याला लावला होता! चेहरा त्याचा होता, खातं त्याचं नव्हतं. शिवाय ते खातं ज्या समाजमाध्यमावर होतं, त्या कंपनीकडून आलेल्या नोंदीत पोस्टची वेळ १९.१० होती. तपासात ती संध्याकाळची सात धरली गेली, तेव्हा तो घरी होता. पण ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ होती. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्रीचे १२.४०. त्या वेळी तो कामावर होता, आणि तिथे फोन गेटवर जमा करावा लागतो. हजेरीचं पंचिंग आणि गेटचं रजिस्टर आम्ही लेखी अर्जासोबत तपासी अंमलदारांना दिलं. म्हणून प्रत्येक वेळेपुढे यूटीसी आहे की भारतीय वेळ, ते आधी पाहा. आयपी ॲड्रेसचंही, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकाचंही तसंच आहे. मोबाइल नेटवर एकच आयपी एका वेळी अनेकांकडे असतो. पोर्ट नंबर (त्या आयपीवरची नेमकी जोडणी ओळखणारा आकडा) आणि अचूक वेळ नसेल तर तो नुसता आकडा एका माणसापर्यंत पोहोचत नाही.

खटला उभा राहिला तर दोषारोपपत्राच्या प्रतीत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र शोधा. त्याचे दोन भाग असतात: एक रेकॉर्ड ज्याच्या ताब्यात होतं त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, लिहिलेली असते. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते. जप्तीच्या वेळची आणि प्रयोगशाळेतली हॅश शेजारी ठेवून तपासा. असं प्रमाणपत्र आवश्यकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या खोतकर निकालाने जुन्या पुरावा कायद्याखाली पक्कं केलं. तो वाद जालन्याच्या निवडणुकीतला, आपल्याच राज्यातला.

वकिलाची फी परवडत नसेल म्हणून थांबू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्ज साध्या कागदावर चालतो, आणि तो पहिल्या चौकशीआधीच द्या.