सेकंडहँड डुकाटी स्क्रॅम्बलर घेतलीय? सायलेन्सर नंतर, आधी हे बघा

नवी कोरी डुकाटी खिशाला झेपत नाही म्हणून २०१५ ते २०२२ मधली स्क्रॅम्बलर ८०० सेकंडहँड घेणारे बरेच जण आहेत, आणि त्यात काहीच वावगं नाही, पहिली इटालियन गाडी म्हणून ही झकास आहे. पण गाडी दारात आली रे आली की पहिला प्रश्न ठरलेला, सायलेन्सर कुठला टाकू? थांबा जरा. माझं म्हणणं एवढंच की आधी गाडी कंपनीतून निघाली तशी ठणठणीत करून घ्या, थोडी चालवा, तिच्या सवयी कळू द्या आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदला. सायलेन्सर, एअर फिल्टर आणि लाइट एकाच शनिवारी बसवले आणि सोमवारी गाडी मिसिंग मारायला लागली तर नक्की कशामुळे ते शोधण्यात महिना जातो, आणि मेकॅनिक वर तुम्हालाच विचारतो की साहेब, काय काय केलंय हिला?

इंजिन थोडं समजून घ्या. ८०३ सीसी, एल आकारातले दोन सिलिंडर, एअर कूल्ड, मूळ मॉन्स्टर ७९६ वरून आलेलं. रेडिएटर नाही, कूलंट नाही, म्हणजे बिघडायला तेवढ्या गोष्टी कमी. पण व्हॉल्व्ह डेस्मो आहेत. साध्या गाडीत व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद होतो, इथे उघडायला एक रॉकर आणि बंद करायला दुसरा. फाबियो तालियोनी नावाच्या इंजिनियरने १९५६ मध्ये रेसच्या १२५ सीसी गाडीवर ही सिस्टीम आणली आणि डुकाटीने ती पुढे अनेक दशकं वापरली. आपल्या कामाचा भाग असा की प्रत्येक व्हॉल्व्हचे दोन गॅप मोजावे लागतात. स्क्रॅम्बलरला सगळे मिळून चार व्हॉल्व्ह, म्हणजे आठ मापं, आणि हे दर १२,००० किमीला. हे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला देऊ नका, तो कितीही चांगला असला तरी.

त्याहून महत्त्वाचे बेल्ट. कॅमशाफ्ट फिरवायला चेन नाही, दोन दातेरी रबरी बेल्ट आहेत, आणि ते २४,००० किमी किंवा पाच वर्षं यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचे. लोक इथेच फसतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं "फक्त ९,००० किमी चाललेली, संडे राइड ओन्ली", आणि आपण खूश. अहो, २०१७ ची गाडी असेल तर बेल्ट कधीच म्हातारे झालेत, किमीचा काय संबंध! चालू इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो आणि मग बिल असं येतं की घरी सांगायची सोय राहत नाही. बेल्ट बदलल्याचं तारखेसकट बिल नसेल तर बदललेच नाहीत असं धरा आणि किंमत ठरवताना तेवढे पैसे कमी करून मागा.

घेतानाच दोन्ही चाव्या मागून घ्या. चावीत इमोबिलायझरची चिप असते, एकच चावी मिळाली आणि ती हरवली तर गाडी म्हणजे अंगणातला शोपीस. मीटरच्या मेनूमधून इमर्जन्सीचा पिन सेट करता येतो, आधीच्या मालकाने केला असेल तर तोही विचारा. आणि मीटरवर सर्व्हिसचा इंडिकेटर पेटलेला असेल तर तो घरच्या घरी घालवता येत नाही, त्याला डायग्नोस्टिक टूल लागतं. बॅटरी काढून लावली की जाईल असं सांगणारे भेटतील, ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता दुखणी. सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे बटण दाबलं की फक्त टक टक आवाज, सेल्फ फिरतच नाही. दहापैकी आठ वेळा बॅटरी. मोठ्या दोन सिलिंडरच्या इंजिनला फिरवायला करंट भरपूर लागतो, त्यामुळे हॉर्न वाजतोय, लाइट लागतोय म्हणून बॅटरी चांगली असं समजू नका. पुण्यात नाना पेठेत किंवा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मल्टिमीटर मिळतो, तो घ्या, या गाडीसाठी पान्याइतकाच गरजेचा आहे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. मग मीटर तसाच बॅटरीला लावून ठेवून सेल्फ मारा, आकडा १० च्या खाली कोसळला तर बॅटरी गेली. गाडी चालू झाली तर आरपीएम ४,००० ला नेऊन परत बघा, १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग ठीक. तिथेही १२.५ च दिसतंय तर नवी बॅटरी आणून उपयोग नाही, तीही आठवड्यात बसेल, रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचा करंट सांभाळणारा डबा) आणि त्याचा कनेक्टर बघा. कनेक्टर उघडून नीट निरखा, प्लास्टिक तपकिरी पडलंय का, एखादी पिन काळी पडलीय का, हात लावल्यावर वायर कडक लागते का. तसं दिसलं तर दुखणं सापडलं. त्याआधी बॅटरीचे टर्मिनल आवळून घ्या हो, नुसत्या लूज स्क्रूपायी लोकांनी गाडी टेम्पोत घालून नेलेली आहे.

सेल्फ फिरतोय पण गाडी पकडत नाही, किंवा गिअर टाकला की बंद पडते, तर साइड स्टँडचा स्विच बघा. पावसाळ्यात ताम्हिणी करून आलात की चिखल तिथे जाऊन बसतो आणि गाडीला वाटतं स्टँड खालीच आहे. पाण्याने धुवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, स्टँड चार वेळा खालीवर करा. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाखाली एक बारीक ड्रेन होल असतं, ते धुळीने बुजलं की पावसाचं पाणी झाकणाभोवती साचतं आणि पेट्रोल भरायला झाकण उघडलं की थेट टाकीत. टाकी स्टीलची आहे, पाणी तळाला जाऊन बसलं की गंज. त्यात आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर अर्धी टाकी ठेवू नका, फुल्ल करा. आणि ऑक्टेन ९५ च्या खालचं पेट्रोल टाकू नका.

"सिटीत धक्के मारते" ही दुसरी कायमची तक्रार, विशेषतः २०१५-१६ च्या गाड्यांची. थ्रॉटल जरा उघडला की उडी, बंद केला की ब्रेक लावल्यासारखं. थोडी तिची जातच तशी आहे, नंतरच्या मॉडेलला कंपनीने हे बरंच सुधारलं. पण लगेच ईसीयू रिमॅपच्या, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर नव्याने प्रोग्राम करून घेण्याच्या, मागे लागू नका. आधी थ्रॉटल केबलचा ढिलेपणा बघा, २०२३ च्या आधीच्या गाडीला केबलच आहे, राइड बाय वायर (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल) नाही. मग चेन. चेन ढिली असेल तर प्रत्येक वेळी थ्रॉटल उघडताना झटका बसणारच, आणि जास्त ताणली तर बेअरिंगचे हाल, मागचं सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते म्हणून. किती ढिली ठेवायची ते मॅन्युअलमध्ये आहे, आणि मागचं चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजायची, जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथलं माप धरायचं. एवढं करून तिसऱ्या गिअरला ताशी ३० ने जायचा हट्ट सोडा. ३,००० आरपीएमच्या खाली हे इंजिन खडखड करतं, एक गिअर खाली घ्या, निम्मी तक्रार तिथेच संपते.

ट्रॅफिकमध्ये गरम झाल्यावर न्यूट्रल सापडत नाही? २०१९ च्या आधीच्या गाडीला क्लच केबलचा आहे, गरम झाल्यावर त्याचं ॲडजस्टमेंट बदलतं. लिव्हरचा फ्री प्ले नीट करा, आणि सिग्नलला गाडी पूर्ण थांबायच्या आधी, चाक फिरत असतानाच न्यूट्रल टाकायची सवय लावा. एअर कूल्ड आहे, चांदणी चौकात जाम लागला तर सरळ बंद करून उभे राहा. मांड्या भाजतात हे काही दुखणं नाही, मागच्या सिलिंडरवर बसलाय तुम्ही.

आता मॉडिफिकेशन, ज्यासाठी तुम्ही हे वाचायला घेतलं. पैसे न घालवता होणारी कामं आधी. हॅन्डल क्लॅम्पमध्ये थोडं फिरवून बघा, ब्रेक आणि क्लचचे लिव्हर मनगट सरळ राहील इतके खाली करा. मग मागचा शॉक. आयकॉन या साध्या मॉडेलला तिथे फक्त प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) बदलता येतो, पण तोच बहुतेकांनी कधी हलवलेला नसतो. मित्राला बोलवा. गाडीचं मागचं चाक उचलून ॲक्सलपासून शेपटीच्या एका ठरलेल्या बोल्टपर्यंत टेपने माप घ्या, मग हेल्मेट-जॅकेटसकट गाडीवर बसा, मित्राने गाडी सरळ धरून तेच माप परत घ्यायचं. दोन्हीतला फरक ४५ मिमीच्या आसपास हवा, ट्रॅव्हल १५० मिमी आहे त्याचा साधारण तिसरा हिस्सा धरून. फरक ६० आला तर सी-स्पॅनरने प्रीलोड वाढवा, ३० आला तर कमी करा. आपल्या खड्ड्यांत हजारो रुपयांच्या शॉकआधी हे करून बघा. पुढचे फोर्क आयकॉन मॉडेलला ॲडजस्टच होत नाहीत, तिथे फक्त ऑइल बदला. सीलमधून तेल झिरपत असेल तर जुन्या फोटो फिल्मची पट्टी सीलच्या कडेने हळू फिरवा, अडकलेली माती निघते आणि बऱ्याचदा गळती थांबते.

एक्स्ट्रा लाइट लावताना हेडलाइटची वायर सोलून जोडू नका. गाडीचा इलेक्ट्रॉनिक बॉक्स करंट बघत असतो, त्याला ते आवडत नाही. बॅटरीवरून फ्यूज, मग रिले (सिग्नल मिळाला की करंट जोडणारा स्विच), आणि मूळ वायरवरून फक्त रिलेला सिग्नल. टेल टायडी (मागचा लांब मडगार्ड काढून लावायचा आखूड ब्रॅकेट) लावताना नंबर प्लेट सीटखाली दुमडू नका, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) मागून सरळ दिसली पाहिजे. साडी गार्डचा नियमही अजून आहे बरं, मागे बसणारीने साडी नेसलेली नसली तरी.

आणि शेवटी सायलेन्सर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जी माहिती आहे त्याच्याशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, वर आवाजाचा दंड वेगळा, आणि पुण्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. टाकायचाच असेल तर डीबी किलर (आवाज कमी करणारी आतली नळी) असलेला स्लिप-ऑन, म्हणजे फक्त शेवटचा डबा बदलणारा, घ्या आणि डीबी किलर काढू नका. कॅटसकट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा भाग) पूर्ण सिस्टीम बदललीत तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात, ऑक्सिजन सेन्सर बडबडतो आणि मग रिमॅप करावाच लागतो, म्हणजे सायलेन्सरचा खर्च दुप्पट झाला. बसवताना नवं गॅस्केट, आणि दोन दिवसांनी बोल्ट परत आवळा, गरम-थंड होऊन ते ढिले होतात. जोडापाशी काळा डाग दिसला म्हणजे तिथून लीक आहे, फटाक्यांचं कारण बहुतेक तेच. मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाका, गाडी विकताना पुढचा माणूस पहिल्यांदा तोच मागतो.