भाषण ऐकताना समासात तीन अक्षरं

नाशिकच्या गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जाताना वही न्या. वक्त्याने स्वतःच्या अनुभवाचा दाखला दिला की वहीच्या समासात ‘वि’ लिहा, म्हणजे विश्वास. मन हलवलं की ‘भा’, भावनेचा. पुरावा दिला की ‘त’, तर्काचा. पटवून देण्याच्या मार्गांची ही विभागणी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलची. आता समजा वाक्य आलं, ‘गोदामाई आपली आई. आईच्या पदरात कुणी कचरा टाकतं का?’ नदीला आई म्हटलं ते रूपक, आणि पुढचा प्रश्न उत्तरासाठी विचारलेलाच नाही. अंगावर काटा येतो, पण समासात फक्त ‘भा’. नाल्याचं पाणी कुठे मिसळतं, ते थांबवायचं कसं, हे अजून यायचंय. भावना हवीच, तिच्याशिवाय माणूस हलत नाही. मात्र शेवटपर्यंत एकही ‘त’ आला नाही, तर वक्त्याला गाठून तोच मागा.